मोहीम संपत आली, आता पुढे कोणता आरपीजी घ्यायचा?

खोडरबर

आमच्या टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा आरपीजी) पाचवी आवृत्ती चालू आहे. मोहीम शेवटच्या टप्प्यात आलीये, खलनायकाचा किल्ला समोर दिसतोय, आणि तो पडला की पुढे काय यावर ग्रुपवर आत्तापासूनच चर्चा पेटलीये. जीएम (गोष्ट चालवणारी) मी, खेळाडू चार. कोणीतरी एक नाव टाकतं, सगळे त्यातली चित्रं बघून खूष होतात, आणि लगेच दुसरं नाव येतं.

माझ्यापुरती यादी तीन नावांवर आणलीये: ब्लेड्स इन द डार्क (चोरांच्या टोळीचा), कॉल ऑफ क्थुलू (भयकथांचा) आणि पाथफाइंडरची (वीरपुरुषांचा) दुसरी आवृत्ती. तिन्ही वाचून झाली, तिन्ही आवडली, आणि गाडी तिथेच अडलीये.

खेळाडूंबद्दल सांगते, त्याशिवाय सल्ला देणं अवघड. एक मैत्रीण नियमांत रमते, पात्राच्या पुढच्या कितीतरी लेव्हलची आखणी तिच्याकडे तयार असते. एक जण गप्पिष्ट आहे, वेशीवरच्या पहारेकऱ्यालाही बोलतं करतो. एकीला गूढ उकलायला आवडतं, तिची वही नोंदींनी भरलेली असते. चौथा दिवसभराचं काम उरकून दमून येतो. घरी तो एक पानही वाचणार नाही, पण टेबलावर त्याच्यासारखी रंगत दुसरं कोणी आणत नाही. मला चौघंही हवेत. मग खेळ कशावरून निवडायचा?


षट्कोन

चांगला धागा. आधी एक करा, तिन्ही खेळांचा विषय थोडा वेळ विसरा. भुतंखेतं, चोर, वीरपुरुष हे सगळं कुठल्याही नियमांत कोंबता येतं. बघायचं ते एवढंच, की हा खेळ बक्षीस कशाचं देतो. खेळाडू हळूहळू तेच करायला लागतात, जीएमने कितीही वेगळं ठरवलं तरी.

डी अँड डीचंच घ्या. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला तेव्हा एक्सपीचा (पात्र वाढवणाऱ्या अनुभवगुणांचा) मोठा वाटा सोन्यातून यायचा. राक्षस मारून त्या मानाने फुटकळच मिळायचं. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, राक्षस झोपला असेल तर चोरपावलांनी खजिना घेऊन बाहेर यायचा. पुढच्या आवृत्त्यांमध्ये सोन्याचा एक्सपी गेला, राक्षसांचा राहिला. गुहा तीच, राक्षस तेच, पण आता दार उघडल्या उघडल्या सगळे इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, याचे फासे) टाकतात.

ह्याच नजरेने तुमची यादी बघा. कॉल ऑफ क्थुलूमध्ये जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं त्यापुढे खूण होते. नंतर त्या कौशल्यासाठी शतांश (1 ते 100 चे) फासे टाकायचे आणि आकडा सध्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त आला तरच ते वाढतं. म्हणजे जे येत नाही त्यातच वाढीला जागा जास्त. राक्षसाला मारल्याचा एक्सपी नाही, उलट त्याला नुसतं पाहिलं तरी सॅनिटी (मनाचा तोल) जाऊ शकते. ब्लेड्समध्ये जिवावरच्या परिस्थितीत, म्हणजे डेस्परेट पोझिशनमध्ये फासे टाकले की लगेच एक्सपी. शिवाय सेशन संपताना विचारतात: तुझा स्वभाव, तुझी पार्श्वभूमी, तुझं व्यसन ह्यांमुळे आज काही घडलं का? असल्या खेळात लोक आपणहून अडचणीत उडी घेतात.

तुमच्या चौघांना कुठल्या बक्षिसाची ओढ आहे ते ओळखा. यादी आपोआप लहान होईल.


रात्रपाळी

षट्कोन यांचं म्हणणं पटलं, पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. जीएमला दोन सेशनच्या मधल्या वेळात काय करायला आवडतं?

खोडरबर, तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. चौघांची आवड सांगितलीत, तुमची कुठे आहे? खेळाडूचा खेळ टेबलावर सुरू होतो आणि तिथेच संपतो, जीएमचा आठवडाभर चालतो. पाथफाइंडर चालवायचा तर नकाशे, राक्षसांचे आकडे, खजिना यांची जुळणी करावी लागते. ह्यात ज्याला मजा येते त्याच्यासाठी ते काम नसतंच. क्थुलूची तयारी म्हणजे कोणी कधी काय केलं याची कालरेषा, साक्षीदार, पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. जुन्या कागदासारखं दिसणारं पत्र तयार करण्यात ज्याची संध्याकाळ मजेत जाते, त्याने क्थुलूच घ्यावा. ब्लेड्सला आधीची तयारी फार थोडी, पण टेबलावर डोकं सतत पळत ठेवावं लागतं.

जीएमचा उत्साह संपला की मोहीम थांबते. खेळाडू दुसरा मिळतो. म्हणून निवडीत तुमचं मत चौघांच्या मतांइतकंच नव्हे, थोडं जास्तच धरा.


वाटाड्या

रात्रपाळी, +1.

पाथफाइंडरबद्दल दोन शब्द, कारण ‘फार नियम आहेत’ एवढ्यावरच लोक त्याला बाद करतात. दुसरी आवृत्ती 2019 ची. प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन, त्या कशाही वाटा. त्याच पाळीत दुसरा वार केला तर साधारणपणे 5 वजा, तिसरा केला तर 10. म्हणून तिसरी ॲक्शन आणखी एका वारावर घालवण्यापेक्षा सरकणं, ढाल उचलणं, शत्रूला घाबरवणं जास्त कामाचं ठरतं, आणि लढाईत खरोखर विचार करावा लागतो. शिवाय ठरलेल्या आकड्यापेक्षा 10 ने जास्त आलं तर क्रिटिकल (दणदणीत) यश आणि 10 ने कमी पडलं तर क्रिटिकल अपयश, त्यामुळे मित्राने दिलेला एक अधिकचा गुणही जाणवतो. किती ताकदीचे शत्रू ठेवावेत याचं गणित पुस्तकात दिलंय तसं चालतं. जीएमसाठी हा फार मोठा दिलासा आहे. आणि नियम अधिकृतपणे ऑनलाइन मोफत वाचता येतात.

तुमची नियमवाली मैत्रीण ह्यात खूष होईल. पण चौथ्या गड्याचा विचार करा. ह्या खेळात प्रत्येकाला स्वतःची शीट (पात्राच्या नोंदींचा कागद) पाठ असावी लागते. त्याची पाळी आली की बाकीचे तिघं त्याला पर्याय वाचून दाखवणार, तो ‘तुम्हीच सांगा काय करू’ म्हणणार, आणि रंगत आणणारा माणूस गप्प बसलेला दिसेल. पाथफाइंडर माझा आवडता खेळ आहे, तरी ह्या टेबलासाठी मी तो सुचवणार नाही.


चिंचोका

मध्येच विचारतो, माफ करा. मी अजून एकही आरपीजी खेळलेलो नाही आणि ग्रुपही नाही. ही सगळी नावं वाचून गोंधळ वाढला. सुरुवात कुठून करू?


षट्कोन

चिंचोका, माफी कसली, धागा त्यासाठीच आहे.

ग्रुप नसेल तर आयर्नस्वॉर्न बघा. 2018 चा आहे, पीडीएफ मोफत मिळते, आणि एकट्याने, जीएमशिवाय खेळायची सोय मूळ नियमांतच आहे. पुढे काय होतं हे फासे आणि तक्ते सुचवतात, अर्थ तुम्ही लावायचा.

दोन-तीन मित्र एका संध्याकाळपुरते जमत असतील तर लेझर्स अँड फीलिंग्स. अख्खा खेळ एका पानावर आहे. 2 ते 5 मधला एक आकडा निवडायचा, तेवढंच तुमचं पात्र. तर्काने किंवा यंत्राने काम करायचं असेल तर फाशावर त्या आकड्याखाली यायला हवं, भावनेने किंवा बोलण्याने करायचं असेल तर वर. नेमका तोच आकडा आला तर जीएमला एक प्रश्न विचारायचा आणि तो खरं उत्तर देतो. ह्यातून आरपीजी म्हणजे काय हे एका बैठकीत कळतं. जाड पुस्तकं नंतर.


रानवाट

मी बराच काळ क्थुलू चालवतोय, त्यामुळे त्याची बाजू मांडतो. 1981 पासूनचा खेळ आहे आणि सातव्या आवृत्तीचे नियम आजही कोणालाही पटकन समजावता येतात. ‘ग्रंथालय 60’ असं शीटवर लिहिलंय, म्हणजे शंभरात साठ वेळा जमणार. दमून आलेल्या माणसाला ह्याहून सोपं काय हवं? क्विक-स्टार्ट (सुरुवातीपुरते नियम) मोफत आहे आणि त्यातली ‘द हाँटिंग’ ही गोष्ट एका संध्याकाळी होते.

वहीत नोंदी ठेवणाऱ्या तुमच्या खेळाडूसाठी मात्र एक सावधगिरी. शोधाच्या खेळात धागा फाशांवर टांगला की सगळं अडतं. चारही जण चुकले, पत्र सापडलंच नाही, आता? गमशू पद्धतीच्या खेळांनी ह्यावर सरळ उत्तर दिलं: योग्य कौशल्याच्या माणसाने योग्य जागी शोधलं की मुख्य धागा मिळतोच, फासे टाकायचेच नाहीत. मी क्थुलू चालवतानाही हेच करतो. पत्र सापडणारच. फासे टाकायचे ते पत्र हाती येईपर्यंत किती वेळ गेला, कोणाच्या लक्षात आलं, ह्यासाठी. शिवाय सातव्या आवृत्तीत ‘पुश’ आहे: एकदा चुकल्यावर काहीतरी वेगळं करून पुन्हा प्रयत्न करता येतो, पण दुसऱ्यांदाही चुकलं तर परिणाम वाईट. तो काय असू शकेल हे मी फासे पडायच्या आधीच सांगून टाकतो. ‘तळघराचा दरवाजा फोडशील, पण चुकलीस तर वरच्या मजल्यावर जे आहे ते जागं होईल. टाकतेस?’ आणि टेबल एकदम शांत होतं.

आणखी एक, भयकथा निवडली तर खेळ सुरू होण्याआधी सेशन झिरो कराच. कुठले विषय अजिबात नकोत आणि कुठले उल्लेखापुरतेच चालतील हे प्रत्येकाला विचारा. एक्स-कार्ड टेबलावर ठेवा. कोणी त्याला हात लावला तर कारण न विचारता प्रसंग बदलायचा. अनोळखी लोकांबरोबर तर हवंच, जुन्या मित्रांमध्येही हवं, कारण जुन्या मित्रांना नको म्हणणं जास्त जड जातं.


कागदीबाण

ब्लेड्सबद्दल कोणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहिते.

जॉन हार्परचा खेळ, 2017 चा. तुम्ही डोस्कव्होल नावाच्या कायम अंधाऱ्या शहरातली टोळी. एक जॉब (दरोडा किंवा तसलंच काम), मग उसंत, मग पुढचा जॉब, असं चक्र. नेहमीच्या खेळात दरोड्याची योजना आखण्यात सगळी संध्याकाळ जाते. इथे फक्त योजनेचा प्रकार आणि एक तपशील ठरवायचा, एंगेजमेंट रोल (सुरुवात कशी झाली ते ठरवणारे फासे) टाकायचा, आणि पुढच्या वाक्याला टोळी कोठारात शिरलेली असते. सोबत काय सामान आणलं तेही आधी लिहायचं नसतं. हलकं, मध्यम की जड ओझं एवढंच सांगायचं आणि वेळ आली की ‘माझ्याकडे दोर आहे’ म्हणून खूण करायची.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. कोठाराच्या आतल्या दाराला कोणी कल्पना केली नव्हती असं कुलूप निघालं. एक जण म्हणाला, ‘फ्लॅशबॅक. काल रात्री मी इथल्या पहारेकऱ्याला दारू पाजून किल्लीचा ठसा घेतलाय.’ जीएम म्हणाली, ‘चालेल, एक स्ट्रेस, म्हणजे ताणाचा एक गुण. आणि ठसा नीट मिळाला का त्यासाठी फासे टाक.’ दोन फाशांत मोठा आकडा 5. म्हणजे जमलं, पण काहीतरी भोवणार. किल्ली चालली, दार उघडलं, आणि जीएमने कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग केले, वर लिहिलं ‘पहारेकऱ्याला चेहरा आठवतो’, आणि दोन भाग भरले. बस. बाकीच्या सेशनभर सगळ्यांची नजर त्या उरलेल्या दोन भागांवर होती.

खोडरबर, तुमचा चौथा खेळाडू ह्याच्यासाठीच आहे बघा. घरून काही वाचून यायला नको, आणि ऐनवेळी सुचलेली कल्पना नियमांत बसते.


रात्रपाळी

कागदीबाण, छान लिहिलंत. पण जीएमच्या बाजूने आकडे बघू.

दोन फासे असतील तर मोठा आकडा 6 येण्याची (पूर्ण यश) शक्यता साधारण 31 टक्के, 4-5 ची (‘जमलं, पण…’) 44, आणि 1-3 ची (फसलं) 25. तीन फाशांना 42, 45 आणि 13. म्हणजे तीन फासे असूनही ‘जमलं, पण…’ हाच निकाल सर्वांत जास्त वेळा. प्रत्येक ‘पण’ जीएमने शोधायचा, तोही लगेच. अपोकॅलिप्स वर्ल्ड ह्या खेळातून निघालेल्या खेळांचंही तेच: दोन फाशांची बेरीज 10 किंवा वर तर पूर्ण यश, 7 ते 9 अर्धं. बेरजेत अधिक एक गुण मिळत असेल तर 44 टक्के वेळा अर्धंच.

सेशन संपेपर्यंत जीएमचं डोकं रिकामं होतं. त्यावर उपाय आहे: प्रत्येक जॉबआधी चार-पाच तयार अडचणी लिहून ठेवा, सुचलं नाही तर त्यातली एक उचला. आणि प्रत्येक वेळी नवी आपत्ती आणायची गरज नाही. घड्याळाचा, म्हणजे त्या वर्तुळाचा, एक भाग भरला तरी तो परिणामच. शिवाय परिणाम नको असेल तर खेळाडू स्ट्रेस मोजून तो अडवू शकतो, तेव्हा हात आखडता घेऊ नका.


बिल्वदल

यादीबाहेरचं सुचवू का? केर्न. मोफत आहे, नियम मोजक्या पानांत मावतात. वार लागला की नाही हे बघायलाच नको, थेट इजेचा फासा टाकायचा, चिलखत वजा करायचं. सामानाला दहाच जागा, त्या सगळ्या भरल्या तर हिट प्रोटेक्शन (वार झेलायची ताकद) शून्य होतं. त्यामुळे ‘मूर्ती घेऊ की अन्न?’ हा खरा प्रश्न बनतो. लढाई झटपट आणि जीवघेणी, म्हणून लोक बोलून, लपून, युक्तीने काम काढतात. जुन्या डी अँड डीची जी गोष्ट षट्कोन यांनी सांगितली, तिची चव इथे मिळते.


वाटाड्या

केर्न उत्तम, पण नियमवाल्या मैत्रिणीला त्यात हात घालायला काही उरत नाही. लेव्हल नाहीत, पात्राची आखणी नाही. ब्लेड्समध्ये निदान तिची स्वतःची प्लेबुक (पात्राच्या प्रकाराची शीट) आहे आणि टोळीचीही वेगळी शीट आहे. तो हिशोब तिच्याकडे सोपवा.

सगळे म्हणतील, ‘आधी प्रत्येकाचा एक वन-शॉट (एका बैठकीचा खेळ) करून बघा.’ क्थुलूसाठी हे बरोबर आहे, तो एका बैठकीत आपलं सगळं दाखवतो. ब्लेड्सला हा न्याय लावू नका. त्याची खरी गंमत जॉब संपल्यावर सुरू होते: उसंतीतल्या फुकटच्या दोनच कृती, त्यात जखम भरायची की स्ट्रेस उतरवायचा की हीट (कायद्याची नजर) कमी करायची, आणि तेवढ्यात दुसऱ्या टोळीची माणसं दारात. हे एका संध्याकाळी दिसत नाही. त्याला तीन जॉब तरी द्या आणि मग मत बनवा.


खोडरबर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळींचा प्रश्न बरोबर बसला. मला नकाशे काढायचा कंटाळा आहे. माणसं रंगवायला आवडतात, त्यांचे हेवेदावे, कोण कोणाचं देणं लागतो ते. इथेच पाथफाइंडर माझ्या यादीतून गेला.

मग ‘कुठला खेळ हवा’ असं न विचारता मी चौघांना विचारलं, आत्ताच्या मोहिमेतला कुठला प्रसंग तुम्ही अजून बाहेरच्या लोकांना सांगता? एकानेही लढाई सांगितली नाही. तिघांनी एकच प्रसंग सांगितला: खोटं निमंत्रण बनवून सरदाराच्या मेजवानीत शिरलो होतो तो. आणि नियमवाली म्हणाली, तिला तुरुंगातून सुटतानाचा हिशोब आठवतो, शेवटचा एकच स्पेल (मंत्र) उरला होता आणि दोन दारं होती. म्हणजे तिला नियमांपेक्षा तोकड्या साधनांत भागवायची मजा हवी होती. स्ट्रेस, हीट, उसंतीतल्या दोन कृती तिला आवडतील असं दिसतंय.

तर ब्लेड्स. तीन जॉब ठरवलेत, मग सगळे मिळून पुढे जायचं की नाही ते ठरवू. ज्या दिवशी कोणी येणार नसेल त्या दिवशी उरलेल्यांबरोबर ‘द हाँटिंग’, गमशूवाली सुधारणा लावून. वहीवालीला हे ऐकून फार आनंद झाला.

शेवटचा प्रश्न: टोळी कुठली घेऊ? आणि पहिला जॉब?


कागदीबाण

शॅडोज घ्या. चोर, हेर, घातपाती. मेजवानीत घुसणाऱ्यांना हीच शोभेल. कल्ट (गुप्त पंथ) आणि हॉकर्स (अवैध माल विकणारे) पहिल्या खेपेला नकोत, त्यांना शहर आधी ओळखीचं असावं लागतं.

पहिल्या जॉबची परिस्थिती पुस्तकातच आहे, तीच वापरा. डोस्कव्होलच्या क्रोज फूट ह्या भागात लॅम्पब्लॅक्स आणि रेड सॅशेस ह्या टोळ्यांत युद्ध पेटलंय. लॅम्पब्लॅक्सचा म्होरक्या बाझो बाझ तुमच्या टोळीला बोलावतो आणि विचारतो, तुम्ही कोणाच्या बाजूने? तुम्हाला आवडणारे हेवेदावे तिथे आयतेच आहेत. गप्पिष्टाला बाझोशी बोलू द्या, वहीवालीकडे कोण कोणावर खार खाऊन आहे याची नोंद ठेवायला द्या, टोळीची शीट नियमवालीच्या हातात. आणि एंगेजमेंट रोल चौथ्याला टाकू द्या, म्हणजे तो पहिल्याच मिनिटाला खेळात असेल.